भंगारातलं कासं, सुरी आणि सम्यक आजीविका

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. भंगारात आलेलं कासं वितळवून आपल्या माणसानं सुरी करावी की करू नये? पण किरकोळ प्रश्नाच्या पोटात मोठे प्रश्न दडलेले असतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पाण्याचा घोट हाही किरकोळच होता. त्या घोटासाठी १९२७ साली महाडला माणसांची डोकी फुटली.

मी कोलाडचा. रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मला किलोच्या भावानं मिळालं, पुठ्ठा नव्हता, पानं शाबूत होती. कविता करतो. आणि सुट्टीच्या दिवशी घरामागं छोटी भट्टी लावून भंगारातल्या काशाच्या सुऱ्या करतो. या सुऱ्यांवरून आमच्या मंडळात चार बाजूंनी वाद झाला. तो वाद असा दाराआड मिटवण्यासारखा नाही, म्हणून इथं मांडतो.

पहिला आक्षेप धम्माचा. बौद्धानं हत्यार करू नये, विकू नये.

दुसरा आक्षेप आमच्या वस्तीतल्या तात्यांचा. ते म्हणाले, “बाळा, सुरी आमच्या बापजाद्यांनी टाकली ती उगाच न्हाय टाकली. ढोरं फाडायची सुरी होती ती. तू परत हातात घेतोस?”

तिसरा आक्षेप एका शिकलेल्या मित्राचा. भंगार म्हणजे दुसऱ्यानं वापरून फेकलेलं, म्हणजे उष्टं. उष्टं खाऊ नका असं बाबासाहेबांनी सांगितलं. मग उष्ट्या धातूवर जगायचं कशाला?

चौथा माणूस आक्षेप घेणारा नव्हता, उलट माझ्यापुढं चार पावलं होता. तो म्हणाला, “करायचीच तर देवळाची घंटा वितळवून कर. ज्या घंटेला आपला हात लागू दिला नाही तिचीच सुरी. याला म्हणतात विद्रोह!”

चौघांना उत्तर द्यायचं तर आधी धातूकडं बघितलं पाहिजे. धातूची ओळख न करून घेता त्याच्यावर नीतीचं भाषण करणं म्हणजे वस्तीत पाय न ठेवता दलितांवर व्याख्यान देणं.

कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांबं १०८५ अंशाला वितळतं, कथील २३२ अंशाला. दोन्ही धातू एकेकटे नरम. शुद्ध तांब्याचं पातं केलं तर धार टिकत नाही, वाकतं. शुद्ध कथील तर हातानं वाकवता येतं. पण शंभरात आठ ते बारा भाग कथील तांब्यात गेलं की जे होतं ते दोघांपेक्षा कडक असतं. हजारो वर्षं माणसानं याच मिश्रणाची हत्यारं, अवजारं केली. शुद्धतेचा धंदा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शुद्ध ते कमकुवत आणि मिसळलेलं ते टिकाऊ, हा मुळाक्षरांइतका जुना धडा भट्टीनं दिलेला आहे. तांबं एका मुलखातलं, कथील दुसऱ्या मुलखातलं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात रोमन समुद्रदेवाची काशाची लहान मूर्ती सापडली. ती समुद्र ओलांडून आली, आणि कुणी तिला प्रायश्चित्त दिल्याची नोंद नाही.

पण उपमा फार ताणू नका. मिसळलं की झालं, असंही नाही. घंटेच्या आणि काशाच्या भांड्याच्या धातूत कथील बावीस टक्क्यांच्या आसपास असतं. त्यानं आवाज खणखणीत येतो, पण थंड असताना हातोडा मारला की तो धातू काचेसारखा फुटतो. त्याला लाल असतानाच ठोकावं लागतं. म्हणजे प्रमाण लागतं, आणि कुठल्या मिश्रणाला कसं वागवायचं याची अक्कल लागते.

आणखी एक. पोलादाची सुरी करणारा घिसाडी गाडीच्या पाट्याचा तुकडा लाल करतो, ठोकतो, शेवटी पाणी पाजतो. पाणी पाजलं की पोलाद कडक होतं. काशाचं उलटं आहे. लाल करून पाण्यात बुडवलं तर कासं नरम पडतं. त्याला कडक करायचं तर थंड असताना धारेवर हळूहळू ठोकायचं. फार ठोकलं की तडा जातो, म्हणून मधे पुन्हा मंद लाल करून नरम करायचं, परत ठोकायचं. एकच पाणी, एकच आग, पण एकाला जे बळ देतं ते दुसऱ्याचं बळ काढून घेतं. सर्वांना सारखं वागवलं की समता झाली असं मानणाऱ्यांनी एकदा भट्टीशी बसावं. आरक्षणावर कॉलेजातल्या पोरांशी वाद घालताना मला ही गोष्ट पुस्तकापेक्षा जास्त कामाला आली.

भंगारातलं कासं येतं कुठून? बहुतेक यंत्रांच्या पोटातून. दांडा फिरतो तिथं लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे बुश असतो, तो गनमेटलचा नाहीतर काशाचा. तो स्वतः झिजतो आणि दांड्याला वाचवतो. झिजला की काढून फेकतात, नवा बसवतात. आमच्या धंद्यात भंगार वितळवून सळया होतात. भंगाराच्या ढिगातून तांबं, पितळ, कासं हातानं वेचून काढावं लागतं, कारण पोलादात तांबं जास्त गेलं तर गरम सळईला रोलमध्ये तडे जातात. लोखंडाच्या भट्टीत कासं अशुद्ध! बाजूच्या दुकानात तेच कासं लोखंडाच्या कितीतरी पट भावानं जातं. अशुद्ध हा शब्द वस्तूचा गुण सांगत नाही, तो बोलणाऱ्याची जागा सांगतो.

वेचलेलं सगळंच सुरीच्या कामाचं नसतं. चुंबक लावून बघायचं, चिकटलं तर कासं नाही. सहाणेच्या चाकावर धरायचं, ठिणगी उडाली तर लोखंड. कानस मारून आतला रंग बघायचा. पितळेत जस्त असतं, ते तापलं की पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. काही बुशांत शिसं असतं, दांड्याला वंगण मिळावं म्हणून. ते कासं तापवून ठोकलं की भुगा होतो, आणि शिसं जेवणात गेलं तर विष. त्याची भाजी चिरायची सुरी करून विकणं म्हणजे सरळ पाप. ज्या बुशाची खात्री नाही त्याची स्वयंपाकाची सुरी मी करत नाही. चिंच, कोकम, लिंबू कापायलाही काशाची सुरी देत नाही, आंबट पदार्थ कळकतो. आपल्या आज्या भांड्याला कल्हई लावत होत्या ती काही हौस म्हणून नव्हे.

आता आक्षेपांकडं येतो. उलट्या क्रमानं घेतो, कारण शेवटचा सगळ्यात सोपा आहे आणि पहिला सगळ्यात अवघड.

घंटेचा प्रश्न. मित्रा, तुझा राग मला कळतो, माझ्यातही तोच आहे. पण एक तर घंटेच्या धातूची सुरी नीट होत नाही, धार ठिकऱ्यांनी उडते. नुसता सूड ओतून केलेलं हत्यार पहिल्याच कामाला फुटतं, हे मी अलंकार म्हणून सांगत नाही, धातूच तसा आहे. दुसरं म्हणजे घंटा वितळवून मी तिलाच मोठं करतो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती घंटेचा मान वाढवण्यासाठी नव्हे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला मुंबई-पुण्याचे लोक येतात. त्यातल्या एकानं माझी सुरी हातात घेऊन विचारलं, “हे खरंच मंदिराच्या घंटेचं आहे का? असेल तर दुप्पट देतो.” मी म्हणालो, हे यंत्राच्या बुशाचं आहे. त्याचा रस संपला. बघा, घंटेच्या सुरीला गिऱ्हाईक तयार आहे आणि ते आपलं नाही. ज्या विद्रोहाला दिवाणखान्यात दुप्पट भाव मिळतो त्या विद्रोहाची मला शंका येते. शिवाय देवळांतून घंटा आणि मूर्ती चोरीला जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चोरीचा माल घेऊन तत्त्वज्ञान सांगायचं नसतं.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं छबू लक्ष्मण भिल या माणसाला झुडपाच्या बुडाशी खणताना चार वस्तू सापडल्या. दोन बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. बहुतेक पुराविद या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. धातूत आर्सेनिक आहे म्हणून डी. पी. अग्रवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळाविषयी शंकाही घेतली. तो वाद त्यांचा त्यांनी करावा. मी दुसरंच बघतो. साठ किलो धातू एका भिलाच्या हातात आला होता. तो किलोच्या भावानं गेला असता तर आज त्याच्या परातीही झाल्या असत्या आणि सुऱ्याही. कोणी त्याला दोष दिला असता? पोट भरायला विकलं, एवढंच म्हटलं असतं. तसं झालं नाही, म्हणून या मातीतल्या कुणा अनाम ओताऱ्याचे हात आज आपल्याला दिसतात. तो ओतणारा कोणत्या जातीचा होता? त्याचं उत्तर रथावर लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही हेच बरं.

उत्खननाच्या पुस्तकांत खणणाऱ्या मजुरांची नावं सहसा येत नाहीत. इथं एका भिलाचं नाव शोधाला चिकटलं, हे दुर्मिळ आहे, लक्षात ठेवा. यातून मी पहिला नियम घेतला. मुशीत टाकण्याआधी बघायचं. अक्षर, आकृती, जुनी घडण दिसली तर भट्टी थांबवायची. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी असा कायदा १८७८ पासून आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं कारण आहे. आपला इतिहास आधीच फार वितळवला गेला आहे. उरलेला आपणच मुशीत घालू नये.

तिसरा आक्षेप, उष्ट्याचा. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं घेऊ नका असं सांगितलं. हे खरं. पण उष्टं म्हणजे काय? उष्टं ही वस्तू नाही, ते नातं आहे. एकानं जेवून उठायचं, दुसऱ्यानं दाराशी उभं राहून हात पुढं करायचा, आणि हात पुढं करणारा कोण हे जन्मानं ठरलेलं. त्या नात्यातून आलेली ताजी भाकरीही उष्टीच. आणि ते नातं नसेल तर दहा जणांनी वापरलेलं पुस्तकही उष्टं नाही. तसं नसतं तर माझं सगळं शिक्षण उष्टंच म्हणावं लागेल.

धातूंचा इतिहास हेच सांगतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना दंडक आहे: गावाबाहेर राहा, फुटक्या भांड्यात खा, दागिने घालाल तर लोखंडाचे घाला. म्हणजे कोणत्या माणसाच्या अंगावर कोणता धातू, हेही ठरवून ठेवलेलं. ही फक्त पोथीतली गोष्ट नाही. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावी आपल्या बायका धातूच्या भांड्यातून पाणी आणायला लागल्या म्हणून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. ही घटना बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये नोंदवून ठेवली आहे. पाणी तेच, बाई तीच. मातीच्या मडक्याऐवजी धातूची घागर डोक्यावर आली, एवढाच गुन्हा.

आता याच्या शेजारी विनयपिटक ठेवा. भिक्खूचं पात्र कशाचं असावं याचा नियम चुल्लवग्गात आहे. सोन्याचं नको, चांदीचं नको, तांब्याचं नको, काशाचंही नको. दोनच पात्रं चालतात, लोखंडाचं आणि मातीचं. थांबा आणि विचार करा. मनूनं चांडाळाला लोखंड आणि फुटकं मातीचं भांडं दिलं. बुद्धानंही लोखंड आणि मातीच सांगितली. वस्तू जवळजवळ त्याच. मग फरक कुठं आहे? एका ठिकाणी जन्मानं लादलं, दुसऱ्या ठिकाणी माणसानं स्वतः निवडलं. राजपुत्र, ब्राह्मण, न्हावी, भंगी, जो कोणी संघात आला त्या सगळ्यांना एकच पात्र. पहिलं लोखंड बेडी आहे, दुसरं लोखंड मोकळीक आहे. दोष धातूत नाही. तो सक्तीत आहे.

याच कसोटीवर तात्यांचा आक्षेप घासून बघतो. आमच्या आज्या-पणज्यांनी सुरी टाकली ती लोखंडाचा वीट आला म्हणून नव्हे. गावचं ढोर मेलं की ओढायचं, फाडायचं, आणि त्याच्या बदल्यात माणूसपण गमवायचं, ही सक्ती त्यांनी टाकली. इथं मला ‘पैसे मिळतात म्हणून करतो’ असं सोपं उत्तर देता येत नाही. ते उत्तर बाबासाहेबांनी कधीच निकालात काढलं आहे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की मेलेलं जनावर सोडल्यानं कातडं, शिंगं, हाडं यांचं उत्पन्न बुडतं असा हिशेब कोणी मांडायचं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या. म्हणजे फायदा हा नीतीचा पुरावा नाही. त्यामुळं माझा पुरावा दुसरा पाहिजे. तो असा: हे काम माझ्या जातीला चिकटलेलं नाही, कोणी मला सांगितलेलं नाही, मी उद्या सोडलं तर कोणी बहिष्कार घालणार नाही. माझ्या पोरानं करावं अशी अट नाही. तात्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “मग कर. पण पोराला वही दे आधी.” त्यांची अट मला मान्य आहे.

आपल्या भागात सुरी नुसती फाडणारी नव्हती. कातकरी माणूस कंबरेच्या आकडीला कोयता लावल्याशिवाय रानात जात नाही. लाकूड, बांबू, वेल, नारळ, सगळं त्याच कोयत्यानं. त्याला कोणी शस्त्रधारी म्हणत नाही, कारण तो त्याचा हातच आहे. घिसाडी आपल्या बायकोपोरांसह रस्त्याकडेला पाल टाकतो. बाई घण मारते, पोर भाता हलवतं, आणि आपल्याला विळा, खुरपं, सुरी मिळते. गाव त्या विळ्यावर पीक कापतं आणि घिसाड्याला गावात घर देत नाही. सुरीच्या नीतीचा प्रश्न विचारायचा तर आधी हा विचारा.

आता पहिला आक्षेप. हा मला रात्री झोपू देत नाही.

बुद्धानं उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. अंगुत्तर निकायात हे स्वच्छ आहे. सुरी हे शस्त्र नाही का? ‘भाजी चिरायची आहे’ म्हणून सुटता येत नाही. दंगलीत लोक तलवारी शोधत बसत नाहीत, स्वयंपाकघरातली सुरी उचलतात.

पण त्याच परंपरेत भिक्खूच्या आठ वस्तू सांगितल्या आहेत. तीन चीवरं, पात्र, कंबरपट्टा, सुई, पाणी गाळायचं फडकं, आणि वस्तरा. हो, वस्तरा! ज्यानं हिंसा पूर्ण टाकली त्याच्याही झोळीत धारेचं पातं आहे. त्याच झोळीत पाण्यातला जीव मरू नये म्हणून गाळणं आहे. एकाच माणसाजवळ दोन्ही. म्हणजे धार वर्ज्य नाही. धारेचा व्यापार कुणासाठी आणि कशासाठी, हे विचारायचं आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. मी तो भेद भट्टीपर्यंत आणतो. पात्याचा आकारच पुष्कळ बोलतो. दोन्ही बाजूंना धार, टोक खुपसायला, मूठ रक्तानं निसटू नये अशी, हे पातं भाजीसाठी नसतं. त्याची मागणी माझ्याकडं आली आहे, आपल्याच पोरांकडून. “संरक्षणाला पाहिजे” म्हणतात. खैरलांजीचं २००६ आठवतं, खर्ड्याचं २०१४ आठवतं, आणि मी त्यांना भित्रे म्हणू शकत नाही. पण मी ते पातं करत नाही. आपल्या वस्तीत सुरी सापडली की पोलीस पंचनामा कुणाचा करतात हे तुम्हाला सांगायला हवं का? आणि दुसरं कारण याहून जड आहे. खिशात पातं आलं की माणूस बोलणं कमी करतो. आपली ताकद बोलण्यात, लिहिण्यात, एकत्र येण्यात आहे. चवदार तळ्यावर गेलेल्या हजारो माणसांनी ओंजळ पुढं केली होती, पातं नव्हे. नंतर त्यांच्यावर लाठ्या पडल्या तेव्हाही बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही, आणि कोर्टात लढून १९३७ साली हायकोर्टातून तळं जिंकलं.

धम्मात धातूकाम करणाऱ्याची जागा कोणती, हेही बघा. बुद्धाचं शेवटचं जेवण चुंदाच्या घरचं. चुंद कम्मारपुत्त, म्हणजे धातूचं काम करणाऱ्याचा मुलगा. जेवणानंतर आजार बळावला. लोक चुंदाला दोष देतील, चुंद स्वतःला खाईल, हे बुद्धानं ओळखलं आणि आनंदाला सांगून ठेवलं की त्याच्या मनातलं हे शल्य काढा. बोधीपूर्वीचं जेवण आणि हे जेवण, दोन्हींचं पुण्य सारखं. मरणाच्या दारात असलेला माणूस एका भट्टीवाल्याच्या मनाची काळजी करतो. आणि आपल्याच जिल्ह्यात कुड्याच्या लेण्यांत एक लेणं कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दान दिल्याचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. धम्मानं ऐरणीला कधी उंबऱ्याबाहेर ठेवलं नाही.

एवढं झालं म्हणजे मी सुटलो असं वाटेल. नाही. खरा प्रश्न आत्ता येतो, आणि तो चौघांपैकी कोणीच विचारला नव्हता. कासं कुणाचं?

माझा आज्या कोलाडहून मुंबईला गिरणीत गेला होता. कापड खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यात धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळ. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटला होता. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडल्या. यंत्रं तोडून किलोनं विकली गेली. त्या यंत्रांतले बुश ज्यांच्या घामानं झिजले त्यांची देणी राहिली आणि बुश बाजारात गेले. आज माझ्या मुशीत येणाऱ्या काशात असं किती असेल, कोण सांगणार? धातू वितळला की त्याचं नाव जातं. देणं मात्र वितळत नाही.

आणि आजचं बघा. ढीग उपसून कासं वेगळं करणारे हात बहुतेक आपले, भटक्यांचे, गरीब मुसलमानांचे. बाईचा हात पत्र्यानं कापतो, तिला किलोमागं मिळतं ते भंगारवाल्याच्या मर्जीनं, आणि काटाही त्याचाच. मी तेच कासं घेतो, ठोकतो, मूठ बसवतो आणि राफ्टिंगवाल्याला विकतो. सुरीला मिळणारी किंमत आणि वेचणारीला मिळालेली किंमत यांतलं अंतर मी मोजलं आहे. ते अंतर खिशात घालून मी समतेवर कविता लिहिली तर मी भंगारातला नवा सवर्ण झालो. ‘सक्ती नाही, निवड आहे’ हे मी वर म्हटलं, ते माझ्यापुरतं खरं. तिच्यापुरतं नाही. भूक हीसुद्धा सक्तीच आहे. जन्माची सक्ती कायद्यानं गेली, पोटाची तिच्या जागी येऊन बसली, आणि बसली ती पुष्कळदा त्याच घरांत.

मग काम सोडावं का? मी सोडलं तर ते कासं दुसरीकडं जाईल, तिला पूर्वीचाच भाव मिळेल, माझा हात फक्त स्वच्छ दिसेल. स्वच्छ हात ही आपली नीती कधीच नव्हती, ती त्यांची. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी कष्टकरी पंचायत उभी केली, ओळखपत्र घेतलं, आपण कामगार आहोत हे म्हणवून घेतलं. कुणी त्यांच्या वतीनं हात धुतले म्हणून हे झालं नाही, त्या एकत्र आल्या म्हणून झालं. आपल्याकडं रोह्यापासून माणगावपर्यंत भंगार वेचणारी किती माणसं आहेत याची यादीसुद्धा कुठल्या मंडळाजवळ नाही. जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण घरोघर जातो. त्याच फेरीत ही यादी होऊ शकते.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. कासं घेईन ते वेचणाऱ्याकडून थेट, खऱ्या काट्यावर, दुकानापेक्षा जास्त भावानं. सुरी विकली की तिच्या किमतीतला हिस्सा त्या हाताला परत. कुठून आलं हे सांगता येत नाही ते कासं घेणार नाही. जुनी घडण दिसली तर वितळवणार नाही. शिशाचं कासं ताटाजवळ जाऊ देणार नाही. माणसाच्या अंगासाठी पातं करणार नाही, ते आपल्या माणसानं मागितलं तरी. आणि गिऱ्हाइकाला खोटी गोष्ट विकणार नाही. घंटा नाही, देव नाही, हा यंत्राचा बुश होता, दांड्याला वाचवता वाचवता झिजला, एवढंच सांगेन.

हे नियम पुरे आहेत असं मी म्हणत नाही. यांत कुठं तडा असेल तर कार्यकर्त्यांनी हातोडा मारून दाखवावा. कासं थंड असताना ठोकल्यानंच कडक होतं. रागात लाल झालेलं असताना आपण फार बोललो. आता जरा थंड डोक्यानं एकमेकांना ठोकूया, आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपापल्या नाक्यावरच्या निदान एका भंगार वेचणाऱ्याचं नाव, त्याला मिळणारा भाव आणि काटा कुणाचा आहे हे लिहून आणावं.

जय भीम.